टँक कोण घासणार?

बेटा,
अनेक आशीर्वाद.

बायपासला तुमच्या टाउनशिपमध्ये घरोघरच्यांसाठी पोहण्याचा क्लब काढतेयस, वाचून बरं वाटलं. फी किती ठेवावी, कोच कुठून आणावा, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला एकच विचारायचंय: टँक घासणार कोण? आमचा क्लब ह्याच प्रश्नावर बुडाला, आणि बुडवण्यात माझा हात होता.

आम्ही त्याला क्लब कधी म्हटलंच नाही. ‘विहिरीवर जाऊन येतो’ म्हणायचो. आधी खरोखर विहीरच होती. पाठीला रिकामा डबा बांधून पोराला वरून ढकलायचं, ते हातपाय झाडत पायऱ्यांना लागलं की झालं शिक्षण. (तू असलं काही करू नकोस.) पुढे पंधरा-वीस घरांनी वर्गणी काढून शेजारी टँक बांधला, पाणी मात्र विहिरीचंच. १९७८ साली नर्मदा इंदुरात आली, नदीकाठच्या जलूदहून पाइपातून सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढून. पण ते पाणी प्यायचं, त्यात डुंबायचं नाही, यावर समस्त आज्यांचं एकमत होतं. टँकरमागे बादल्या घेऊन धावलेल्या बायका होत्या त्या.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी टँक रिकामा करायचा. सगळी घरं खराटे घेऊन खाली उतरायची. खोल बाजूच्या कोपऱ्यात शेवाळाचा असा बुळबुळीत थर की भलेभले गृहस्थ बसल्या बसल्या उतारावरून घसरत जायचे आणि पोरं टाळ्या पिटायची. तळाला वर्षभराच्या हेअरपिना, गोट्या सापडायच्या. एकदा दातांची कवळी निघाली, तिचा मालक शेवटपर्यंत पुढे आला नाही. मग काठावर पोह्यांची परात यायची, वर शेव आणि जीरावण मसाला. ज्याच्या हाताला शेवाळ लागलेलं नाही त्याला प्लेट नाही.

पाण्याचं सांगतो, ते लिहून ठेव. आमचा टँक पंचवीस मीटर बाय दहा, सरासरी खोली दीड, म्हणजे पावणेचार लाख लिटर पाणी. एक पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात एक भाग, क्लोरीन वाढवायला ब्लीचिंग पावडर साधारण सव्वा किलो लागे, तीही ताजी असली तर. ती बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरची निवळच टँकमध्ये सोडायची, सूर्य कलल्यावर. दुपारी टाकलीस तर निम्मी मेहनत ऊन खातं. डोळे चुरचुरले की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलटं असतं: अंगाचा घाम आणि पोरांची शू क्लोरीनशी मिळते, त्याचा तो वास आणि ती आग. म्हणून आधी शॉवर, मग टँक. मोठ्यांनाही सांग. मोठेच जास्त टाळतात.

आणि बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं ओरडत नाही गं. तोंड पाण्याच्या जेमतेम वर, मान मागे, आवाज नाही. शेजारी दहा जण खिदळत असतात. आमच्याकडे एक आजी होत्या, स्वतः कधी गुडघ्यापलीकडे उतरल्या नाहीत. त्या फाटकाशी खुर्ची टाकून चपलांचे जोड मोजायच्या आणि मग पाण्यातली डोकी. एका संध्याकाळी सगळे निघाले तरी एक लहानसा निळा जोड उरला. दिवे लावले, आम्ही मोठे हातात हात घालून उथळ बाजूपासून पायांनी तळ चाचपत निघालो. खोल बाजूला दोघं बुड्या मारत होते. माझे पाय अजून आठवतात, प्रत्येक पाऊल टाकायची भीती. कार्टं अनवाणी घरी जाऊन वरणभात जेवत होतं.

तर माझा हात. खजिनदार होतो. एका मीटिंगमध्ये मीच सुचवलं, ज्यांना घासायला यायला जमत नाही त्यांनी पन्नास रुपये द्यावेत. किती सोयीचं! पहिल्या वर्षी सहा घरांनी दिले. तिसऱ्या वर्षी घासायला आम्ही चारच घरं. मग ठेकेदार आला. तो भर दुपारी मूठमूठ पावडर फेकायचा. मे महिन्यात पाणी हिरवं झालं, पोरांचे डोळे लाल व्हायला लागले, आणि कुणी भांडलंसुद्धा नाही. नुसते यायचे बंद झाले. त्या आजीही. जागामालकाने जमीन विकली तेव्हा विरोधाच्या अर्जावर सह्या घ्यायला गेलो, तर दोन घरांनी विचारलं, अजून चालू होतं का?

आता तिथे पार्किंग आहे. विहिरीवर स्लॅब पडलाय.

पाण्याच्या नोंदींची वही माझ्याकडे आहे, तारीख, पावडर, किती डोकी, सगळं. ती तू ने. रविवारी सकाळी ये, पोहे होतील. चपला दारात नीट जोडीने ठेव, मोजायची सवय मलाही लागली आहे.

तुझा,
काका