आधी कडेला कड

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. पूर्व परीक्षा थोडक्यात हुकली, अभ्यासिकेत पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, कुणीतरी ‘ओरिगामी कर, मन शांत होतं’ म्हणालं. तू लगेच रंगीत कागदांचं पाकीट आणलंस आणि हजार करकोचे झाले की पोस्ट निघेल असा नवसही बोलून बसलास. आणि आता विचारतोस, ‘काका, शांत व्हायचं सोडून चीडच येते. माझ्यातच काही कमी आहे का?’

तुझ्यात काही कमी नाही. तुझ्या कडा जुळत नाहीत.

तुझ्या करकोच्याचा फोटो मोठा करून बघितला मी. चोच दुभंगलेली, पंख लहानमोठे, शेपटीच्या टोकाशी कागदाची पांढरी बाजू बाहेर डोकावतेय. याचा उगम पहिल्याच घडीत आहे. कर्णावरची घडी केसभर सरकली की चौकोनी पाया वाकडा बसतो, त्यावरची पाकळी वाकडी उघडते, आणि मान काढायच्या वेळेपर्यंत थरावर थर चढलेले असतात. तिथे तू जोर लावतोस. कागद चुरगळतो, तू चिडतोस. पुढचा कागद घेतोस तो ती चीड घेऊनच.

म्हणून आधी कडेला कड. कागद टेबलावर ठेव, पलंगावर बसून मांडीवर नको. खालचं टोक उचल, वरच्या टोकाशी ने. दोन्ही टोकं एकावर एक आली की डाव्या हाताच्या बोटांनी धरून ठेव. अजून दाबायचं नाही! तुम्हा पोरांना इथेच घाई. डावा हात न हलवता उजव्या हाताचं बोट वरून सरळ खाली आण, घडीच्या मध्यावर टेकव, मग तिथून आधी एका बाजूला आणि नंतर दुसऱ्या बाजूला ने. नख सगळ्यात शेवटी. एवढ्याला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत डोळा आणि बोटं एकाच ठिकाणी असतात, कटऑफ आठवायला सवडच नसते. ओरिगामीत जी काय शांतता मिळते ती एवढीच, आणि ती फक्त कड जुळवणाऱ्याला मिळते. मोबाइलवर बासरी लावून मिळत नाही.

आणि हो, पाकिटावर चौरस लिहिलंय म्हणून कागद चौरस असतोच असं नाही. स्वस्त पाकिटात एक बाजू मिलीमीटरभर मोठी निघते. कर्णावर हलकेच दुमडून बघ. टोकाला टोक लावूनही कडा जुळत नसतील तर तो कागद किराणा मालाच्या यादीला ठेव.

नवसाबद्दल बोलायलाच हवं, राग आला तरी. हजार करकोच्यांची माळ, सेनबाझुरु, ही जपानची जुनी चाल आहे. जगभर ती पोचली सादाको सासाकीमुळे. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुढे रक्ताचा कर्करोग झाला, दवाखान्यात औषधांच्या पुड्यांच्या कागदांचे करकोचे करत राहिली, आणि 25 ऑक्टोबर 1955 ला बारा वर्षांची असताना गेली. बऱ्याच ठिकाणी सांगतात की हजार पुरे व्हायच्या आत गेली. तिथलं स्मारक संग्रहालय सांगतं की हजार झाले होते, त्यावरही झाले होते. पुरे झाले आणि तरीही गेली. करकोचा सौदा करत नाही रे. तू मोजत मोजत घड्या घालतोस, मग डोळा कडेवर कसा राहील? आकड्यावरच राहणार. नवस मोडल्याचं पाप माझ्या माथी. आजपासून दिवसाला एकच.

तू म्हणशील, काकांना काय जातं बोलायला. मला माहीत आहे मी कशावर बोलतोय. छापखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली ती फर्म्यांच्या घड्या घालण्यात. फर्मा म्हणजे पुस्तकाचा छापलेला मोठा ताव. सोळा पानांचा फर्मा, पानाच्या आकड्यावर आकडा लावायचा, मग घडी. आकडा सरकला तर पुस्तकभर समास नाचतो. पुढे घडीचं यंत्र आलं आणि आमच्या हातांना काम उरलं नाही. ओरिगामीकडे वळलो तो त्यानंतर. आज कपाटभर करकोचे, बेडूक, फुलदाण्या आहेत, पण सगळ्या दुसऱ्यांनी शोधलेल्या. माझ्या नावावर एकही आकृती नाही. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू.

जपानचे ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा, त्यांचं बघ. कारखान्यात नोकरी, तिथे नव्या पोरांना भूमिती शिकवायला घड्यांचा उपयोग करायचे. नोकरी सोडली, दारोदार त्सुकुदानी, म्हणजे सोया सॉसमध्ये शिजवलेलं तोंडीलावणं, विकून पोट भरलं. चाळिशी आल्यावर एका मासिकाने राशिचक्राचे बारा प्राणी करायला सांगितले तेव्हा कुठे नाव झालं. आज आपण आकृतीत जी तुटक रेघ बघून खोलगट दरी घडी आणि रेघ-ठिपके बघून उंचवट्याची डोंगर घडी ओळखतो, त्या खुणांची पद्धत मुळात त्यांची. ओल्या कागदाला घड्या घालून प्राण्यांना गोलाई देणंही त्यांचंच. एवढ्या वर्षांच्या हलाखीत हा माणूस ‘मन शांत होतंय का’ असं तपासत बसला असेल, असं मला तरी वाटत नाही.

मध्यंतरी एका कंपनीने मला कर्मचाऱ्यांच्या तणावमुक्तीसाठी बोलावलं होतं. पाऊण तास, पाच वस्तू, मागे संगीत. मी म्हटलं एक वस्तू, संगीत नाही, आणि ज्याची कड जुळली नाही त्याने घडी उलगडून पुन्हा घालायची. पुन्हा फोन आला नाही. घरात अजून ऐकवतात, लक्ष्मी दारी आली होती म्हणून. पैशांची निकड होती तेव्हा, खोटं कशाला सांगू. पण पाऊण तासात पाच वाकड्या वस्तू घेऊन माणसं हसत घरी गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्यासारखा मेसेज आला असता, की काका, चीडच येते. मी हटवादी आहे असं म्हणतात. असेन.

बरं, एक बारकी गोष्ट, नाहीतर उद्या मलाच पकडशील. करकोच्यात जिथे कड मध्यरेषेला आणायची असते, तिथे अगदी चिकटवू नकोस, केसाएवढी फट ठेव. पुढे त्याच रेषेवर कागद पुन्हा दुमडतो, आणि कागदाला जाडी असते. म्हणजे कड कुठे थांबवायची हेही बघूनच ठरवायचं, अंदाजपंचे नाही.

या आठवड्यात एवढंच कर. साधा करकोचा, दिवसाला एक, व्हिडिओ बंद. झाला की हळूच पूर्ण उलगड. कागदाच्या आत जिथे घड्या एका बिंदूत मिळतात, तिथे पेन्सिलीने डोंगर आणि दरी मोज. कागद जिथे सपाट बसलेला असतो तिथे दोहोंत फरक दोनचाच येतो, मोठा असो की छोटा. जपानी ओरिगामीकार जुन माएकावा यांच्या नावाने माएकावांचा नियम म्हणतात त्याला. तुझं मोजणं चुकलं तर कागद लगेच सांगेल, तेही न रागावता, जे मला जमत नाही.

फोटो पाठवू नकोस. फोटोत सगळ्याच घड्या बऱ्या दिसतात. उलगडलेले कागद पाकिटात घालून टपालाने पाठव, तारीख मागे लिहून. अभ्यासिकेची फी राहिली असेल तर तेही लिही, आईला सांगायचं नसेल तर नको सांगू.

तुझा,
काका