'नेपथ्य' : रंगमंचावरचे की पडद्यामागचे?

एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, मराठीच्या पुस्तकात नाटकाच्या घटकांमध्ये संहिता, अभिनय, प्रकाशयोजना यांच्या बरोबरीने 'नेपथ्य' येते आणि त्याचा अर्थ रंगमंचावरची दृश्यरचना असा दिलेला असतो; संस्कृतच्या पाठात मात्र कंसातल्या '(नेपथ्ये)' या सूचनेचा अर्थ 'पडद्यामागून' असा सांगतात. मग यांतला बरोबर अर्थ कोणता?

दोन्ही बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या रंगभूमींचे आहेत. संस्कृतात नेपथ्य म्हणजे नटाची वेशभूषा व सजावट, आणि ही सजावट जेथे होते ती रंगपीठामागची खोलीही. 'शाकुंतला'च्या आरंभी हे दोन्ही अर्थ अगदी शेजारी-शेजारी सापडतात. सूत्रधार '(नेपथ्याभिमुखमवलोक्य)', म्हणजे त्या खोलीकडे पाहून, नटीला म्हणतो : 'आर्ये, यदि नेपथ्यविधानमवसितम्, इतस्तावदागम्यताम्।' वेश करून झाला असेल तर इकडे ये, असे तो तिला सांगतो. पुढे त्याच अंकात हरणाचा पाठलाग करणाऱ्या दुष्यंताला आश्रममृग मारू नकोस म्हणून जी हाक येते, ती 'नेपथ्ये', म्हणजे आतून.

भरताच्या नाट्यशास्त्रात या खोलीला 'नेपथ्यगृह' म्हटले आहे. चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद अशा मध्यम आकाराच्या नाट्यगृहात पुढचा अर्धा भाग प्रेक्षकांचा आणि मागचा अर्धा भाग रंगमंच व नेपथ्यगृह यांचा असतो. तेथून रंगमंचावर यायला दोन दारे असतात आणि त्या दारांच्या मधे वादक बसतात.

मराठी अर्थाचा धागा मात्र त्याच ग्रंथातल्या आहार्य अभिनयाच्या, म्हणजे वेश, दागिने, रंग अशा बाह्य साधनांनी साधलेल्या अभिनयाच्या, चर्चेत आहे. तेथे नेपथ्याचे चार प्रकार सांगितले आहेत : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. अलंकारात दागिने, हार व वस्त्रे येतात, अंगरचनेत रंगभूषा येते आणि संजीव म्हणजे रंगमंचावर आणायचे प्राणी. पुस्त म्हणजे चटया, चामडे, कापड अशा साहित्यातून उभे केलेले डोंगर, रथ, विमाने, ढाली. आज आपण ज्याला नेपथ्य म्हणतो त्याच्या सर्वांत जवळचा प्रकार हा पुस्तच आहे, असे मला वाटते. परंतु संस्कृत रंगभूमीवर त्याचे स्थान मर्यादित होते, कारण स्थळाची जाणीव प्रामुख्याने संवादांतून, अभिनयातून आणि पात्रांच्या रंगमंचावरील फिरण्यातून करून दिली जाई. दुष्यंताचा धावता रथ नटाच्या अभिनयातूनच प्रेक्षकांना दिसत असे.

मराठी रंगभूमीवर राजवाडा, रस्ता, अरण्य अशी दृश्ये रंगवलेले पडदे आले आणि पुढे घराची खोली भिंती, दारे, खिडक्यांसह उभी करण्याची पद्धत रुजली, तेव्हा दृश्यरचना हे एक स्वतंत्र कौशल्य ठरले. वेशभूषा आणि रंगभूषा यांना स्वतःची नावे मिळालेली असल्यामुळे 'नेपथ्य' हे नाव उरलेल्या अंगाकडे, म्हणजे दृश्यरचनेकडे गेले असावे, असा माझा तर्क आहे. आज 'नेपथ्यकार' म्हटले की आपल्याला प्रदीप मुळ्ये किंवा बाबा पार्सेकर यांच्यासारखे कलावंत आठवतात, आणि राज्य नाट्य स्पर्धेतही नेपथ्य व रंगभूषा यांची पारितोषिके वेगवेगळी असतात. मराठीत हा अर्थ इतका पक्का आहे की त्याला चूक म्हणणे मला मान्य नाही. हिंदीत मात्र 'नेपथ्य' अजूनही प्रामुख्याने पडद्यामागचेच आहे.

म्हणून उत्तर लिहिताना विद्यार्थ्यांनी संदर्भ पाहावा. मराठी नाटकाचा घटक म्हणून विचारले असेल, तर नेपथ्य म्हणजे प्रसंगाचे स्थळ, काळ आणि पात्रांची परिस्थिती दाखवणारी रंगमंचावरील रचना असे लिहावे. त्यात कपडे आणि चेहऱ्याचे रंग घालू नयेत. संस्कृत उताऱ्याचे भाषांतर करताना मात्र '(नेपथ्ये)' याचे 'नेपथ्यात' असे करू नये, कारण मराठी वाचकाला त्यातून रंगमंचावरच्या भिंती आणि खुर्च्याच दिसतील. जुन्या मराठी नाटकांच्या छापील प्रतींत अशा जागी '(पडद्यांत)' अशी सूचना असे. आजच्या वाचकासाठी '(आतून)' किंवा '(पडद्यामागून)' हे अधिक स्वच्छ आहे.