जुन्या वाचनालयाच्या जतनासाठी आमच्या संस्थेला युनेस्कोचा पुरस्कार मिळू शकतो का? काय करावं लागेल?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी आहे: तालुक्याच्या गावातलं काळ्या दगडाचं, शंभरी ओलांडलेलं वाचनालय, पुढच्या भागावर मंगलोरी कौलं, मागच्या खोलीवर 1980 च्या सुमारास टाकलेला स्लॅब, गेल्या वर्षी दर्शनी भिंतीच्या दगडांमधले सांधे सिमेंटने भरलेले, मुख्य काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं आहे. तुमची संस्था झाडं, जुनी विहीर आणि गावाचा विकास आराखडा यांवरही काम करते.

पुरस्कार मिळू शकतो. पण आधी एक गैरसमज दूर करतो, कारण प्रश्नाखालच्या प्रतिक्रियांमध्येही तो दिसतोय. युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ वेगळं आणि हा पुरस्कार वेगळा. वारसास्थळाचं नामांकन केंद्र सरकारच पाठवतं. मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह 2018 मध्ये त्या यादीत गेला, मराठा लष्करी भूदृश्य म्हणून 12 किल्ले 2025 मध्ये गेले. एखाद्या संस्थेने परस्पर अर्ज करावा अशी ती गोष्ट नाही. तुम्ही ज्याबद्दल विचारताय तो आशिया-पॅसिफिक सांस्कृतिक वारसा संवर्धन पुरस्कार. तो 2000 मध्ये सुरू झाला, बँकॉकच्या कार्यालयातून चालतो आणि खाजगी मालक, न्यास, स्वयंसेवी संस्था किंवा सरकारसोबतची भागीदारी यांच्यापैकी कुणीही थेट प्रवेशिका पाठवू शकतं. इमारत किमान 50 वर्षं जुनी हवी, काम गेल्या 10 वर्षांत पूर्ण झालेलं हवं आणि इमारत वापरात हवी. वापराचा कालावधी आणि शेवटची तारीख त्या त्या वर्षीच्या आवाहनात वाचा, मागच्या वर्षीच्या कागदावर विसंबू नका. रोख रक्कम नसते. म्हणजे यातून कर्ज फिटेल या आशेवर कुणी असेल तर त्यांना आजच सांगून टाका.

पुरस्कार कुणाला मिळतो हे मुंबईच्या उदाहरणांवरून चांगलं कळतं. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला 2005 मध्ये सर्वोच्च श्रेणी, म्हणजे अवॉर्ड ऑफ एक्सलन्स मिळालं. तिथे इमारत महापालिकेची, जतनाची जबाबदारी वारसा जतनाचं काम करणाऱ्या इन्टॅक या संस्थेची आणि पैसा जमनालाल बजाज फाउंडेशनचा, असा त्रिपक्षीय करार 2003 मध्ये झाला होता. भायखळा रेल्वे स्थानकाला 2022 मध्ये त्याखालची एक श्रेणी, अवॉर्ड ऑफ मेरिट, मिळाली. तिथे मालक रेल्वे आणि पुढाकार ‘आय लव्ह मुंबई’ या संस्थेचा. तुमच्या सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र काळा घोडा भागातल्या डेव्हिड ससून ग्रंथालयाचं आहे, 2023 चं अवॉर्ड ऑफ मेरिट. तिथे नंतरच्या काळात टाकलेला काँक्रीटचा स्लॅब काढून मूळ उतरतं छप्पर परत आणलं. तुमच्या मागच्या खोलीचा प्रश्न नेमका हाच आहे, म्हणून त्या कामाची माहिती वास्तुविशारदाला आवर्जून बघायला सांगा.

या सगळ्यांत संस्थेचं नाव मोठं असणं हा समान धागा नाही. मालक कोण, पैसा कुणाचा आणि तांत्रिक निर्णय कुणाचा, हे कागदावर स्पष्ट होतं. तुमची इमारत वाचनालयाच्या न्यासाची असेल आणि तुमची संस्था वेगळी असेल, तर काम सुरू व्हायच्या आत करार करा. न्यासाची इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने घ्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. नुसता देखभालीचा करार असेल तर भाडेपट्टा टाळता येतो, पण तो शब्दात नीट बांधा, वकिलाकडून. प्रवेशिकेसोबत मालकाचं संमतिपत्र द्यावं लागतं. विश्वस्त मंडळ बदललं आणि नव्या मंडळींनी सही नाकारली की सगळं तिथेच अडतं, म्हणून ठरावाची प्रत आत्ताच घेऊन ठेवा.

आता खरं काम. परीक्षक इमारत बघायला येत नाहीत असं धरून चाला. त्यांना दिसतात तुमची छायाचित्रं, नकाशे आणि मजकूर. आणि ‘आधीची’ छायाचित्रं काम झाल्यावर काढता येत नाहीत. त्यामुळे दिवाळीपर्यंतचा वेळ नोंदणीला द्या. तलविन्यास (मजल्याचा वरून दिसणारा नकाशा), छेद (इमारतीचा उभा काप) आणि चारही दर्शनी बाजू 1:50 प्रमाणात. दारं, कंस, कठडे, तुळईचे सांधे 1:10 मध्ये. प्रत्येक दार-खिडकीला क्रमांक. छायाचित्र जिथून घेतलं ती जागा आणि दिशा नकाशावर बाणाने दाखवा. तीच जागा, तीच उंची, शक्यतो लेन्सची तीच फोकल लेंग्थ धरून ‘नंतरचं’ छायाचित्र घ्यायचं. आधीचं भर पावसातलं आणि नंतरचं रोषणाईतलं, अशी जोडी लावली की परीक्षकाला तुलनाच करता येत नाही. भिंतीला तडे असतील तर त्यावर काचेच्या पट्ट्या जिप्समने चिकटवून तारीख लिहा आणि निदान एक पावसाळा उलटू द्या. पट्टी फुटली तर तडा जिवंत आहे, म्हणजे दोष पायात किंवा छपरात आहे, नुसता तडा भरून उपयोग नाही.

जुन्या चुन्याचा नमुना भिंतीच्या आतल्या, पावसाने न धुतलेल्या भागातून घ्या. वजन करून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की चुना विरघळतो, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) उरते. ती वाळवून तोला, प्रमाणाचा अंदाज येतो. तुमचं गाव कोकणात असेल तर जपून: वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तोही विरघळतो आणि चुना आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. आम्लात टाकण्याआधी नमुना भिंगाखाली बघितला की हे कळतं.

सिमेंटने भरलेल्या सांध्यांबद्दल तुम्ही ‘झालं ते झालं’ असं लिहिलंय. तसं सोडू नका, कारण नुकसान दगडाला होतं. भिंतीत पाणी येणारच, जमिनीतून आणि पावसातून. चुन्याचा सांधा ते पाणी बाहेर सोडतो. सिमेंटचा सोडत नाही, मग ते दगडाच्या तोंडातून आणि सांध्याच्या कडेने बाहेर पडतं, जाताना क्षार मागे ठेवतं, क्षारांचे स्फटिक फुगतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. काळा दगड घट्ट असल्यामुळे काही वर्षं तग धरतो, पण वीट आणि जांभा लवकर झिजतात. ओल आतल्या बाजूला वळून पुस्तकांच्या कपाटामागे बुरशी धरते, ती वेगळीच. काढताना ग्राइंडर वापरू देऊ नका, ठेकेदार हमखास वापरतो आणि दगडाच्या कडा कायमच्या तुटतात. बारीक छिन्नी आणि हलका हातोडा, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत. जिथे सिमेंट इतकं घट्ट बसलंय की दगडच फुटेल, तिथे ते राहू द्या आणि राहू दिल्याची नोंद करा. अशी प्रामाणिक नोंद प्रवेशिकेत बाजूची ठरते, विरुद्ध नाही.

नवा चुना कळीचाच, म्हणजे न विरवलेल्या खड्यांचा घ्या. पोत्यातला भुकटी चुना बरेच दिवस पडून राहिला असेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आधीच निकामी झालेला असतो. आम्लाचा थेंब टाकून जोरात फसफसला तर परत करा. कळीचा चुना विरवून, गाळून, पाण्याखाली किमान दोन-तीन आठवडे मुरवायचा. महिनाभर मुरला तर आणखी चांगला. सांधे भरायला एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग वाळू-सुरखी, आधीच्या नमुन्याशी ताडून. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी, कारण जळक्या, निळसर विटांची भुकटी चुन्याशी संयोग पावत नाही, नुसती वाळूसारखी पडून राहते. दगडी चाकाच्या घाणीवर दळलेला चुना हाताने कालवलेल्यापेक्षा कितीतरी चिवट होतो. गूळ, हिरडा, बेल वगैरेंबद्दल उत्साही मंडळी फार बोलतात. त्यांचा उपयोग आहे, पण गूळ जास्त झाला तर चुना धरायला उशीर लागतो आणि मुंग्या येतात. भिंतीच्या मागच्या बाजूला हातभर चौरसाचे तीन-चार नमुने वेगवेगळ्या प्रमाणात लावा, पंधरा दिवस बघा, मग ठरवा. गिलाव्याचा एक थर 10 ते 12 मिलिमीटरपेक्षा जाड नको. भिंत आधी भिजवा, नंतर गोणपाट लावून आठवडाभर ओली ठेवा. चुन्यात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच: सिमेंटची सवय असलेला गवंडी दोन दिवस पाणी मारतो आणि भर उन्हात गिलावा तडकला की दोष चुन्याला देतो.

स्लॅबबद्दल. 100 मिलिमीटर जाडीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे 250 किलो भरतो. मंगलोरी कौलं पट्ट्यांसकट साधारण 65. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर चौपट ओझं, शिवाय उन्हात स्लॅब प्रसरण पावून भिंतीचा वरचा थर बाहेर ढकलतो. स्लॅबच्या लगेच खाली आडवा तडा दिसतोय का बघा. काढायचा ठरला तर एकदम पाडू नका: खालून टेकू लावून, लहान तुकड्यांत कापून उतरवा. घणाच्या दणक्याने जुन्या भिंतीतला चुना सुटतो. आणि हे काम संरचना अभियंत्याच्या लेखी पद्धतीशिवाय नको. लाकडाचं म्हणाल तर तुळया बहुतेक वेळा मधे ठणठणीत आणि भिंतीत रुतलेल्या टोकाला कुजलेल्या असतात. अख्खी तुळई बदलू नका. कुजका भाग कापून जुन्या सागवानाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडा, टोकाभोवती हवा खेळेल अशी जागा ठेवा.

पैशाबद्दल थोडक्यात. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक इमारतींचं जतन आणि सार्वजनिक ग्रंथालयं, दोन्ही आहेत, त्यामुळे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, निधी तुम्हाला दोन्हीकडून लागू पडतो. त्यासाठी संस्थेला प्राप्तिकराची 12ए, 80जी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणी लागते. ती नसेल तर कंपनी भेटायलाही बोलावणार नाही.

प्रवेशिकेचा मजकूर इंग्रजीत द्यावा लागतो. बहुतेक संस्था इथे गावाचा इतिहास पानोपानी लिहितात आणि कामाबद्दल दोन परिच्छेद. उलटं करा. ही जागा गावाला का महत्त्वाची, काय बिघडलं होतं, कोणते पर्याय होते, त्यातला हाच का निवडला, कारागीर कुठले, त्यांना काय शिकवलं किंवा त्यांच्याकडून काय शिकलात, आता रोज किती लोक येतात, देखभालीचा खर्च कुठून येतो. लोकसहभाग म्हणजे उद्घाटनाचे फोटो नव्हेत. वाचकांच्या सभेत एखादा आराखडा बदलला गेला असेल, तर त्या सभेचं इतिवृत्त जोडा. 2020 पासून शाश्वत विकासासाठी वेगळी विशेष दखलही घेतली जाते. तुमची विहीर आणि पागोळ्यांचं पाणी तिच्यात सोडण्याची योजना तिथे मोलाची ठरेल, मात्र ती प्रत्यक्ष चालू असायला हवी.

आता तुम्ही न विचारलेलं, पण माझ्या मते पुरस्कारापेक्षा महत्त्वाचं. या पुरस्काराने इमारतीला कायद्याचं कसलंही संरक्षण मिळत नाही. उद्या न्यासाने ती पाडायची ठरवली तर भिंतीवरचा फलक आडवा येणार नाही. आडवी येते ती विकास आराखड्यातली नोंद आणि वारसा यादी. मुंबईत 1995 च्या नियमावलीने श्रेणी 1, 2अ, 2ब आणि 3 अशी यादी केली, म्हणूनच तिथल्या बऱ्याच इमारती पुरस्कारापर्यंत उभ्या राहिल्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 22 नुसार आराखड्यात ऐतिहासिक आणि वास्तुकलेच्या दृष्टीने मोलाच्या वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम 26 प्रमाणे हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. तुमच्या नगरपरिषदेचा आराखडा आत्ता त्या टप्प्यावर नसेल तर कलम 37 खाली फेरबदलाचा प्रस्ताव नगरपरिषदेकडून करून घ्यावा लागेल, त्याला वेळ जातो. मागणीपत्रात नुसतं ‘वाचनालय जपा’ लिहू नका. सिटी सर्व्हे क्रमांक, बांधकामाचं वर्ष आणि त्याचा पुरावा, चार छायाचित्रं, सुचवलेली श्रेणी आणि समोरच्या रस्त्याची प्रस्तावित रुंदी लिहा. रस्ता रुंदीकरणाची रेघ बऱ्याचदा जुन्या इमारतीच्या ओसरीवरून जाते आणि ती नकाशात कुणी बघितलेलीच नसते. तुम्ही नोंदणीसाठी जे नकाशे कराल तेच इथे चालतात.

राज्य शासनाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालय पुरस्कार काही जणांनी सुचवलाय. तो ग्रंथालयाच्या सेवेसाठी आहे, इमारतीच्या जतनासाठी नाही. वाचनालयाने स्वतंत्रपणे जरूर अर्ज करावा. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या आंतरराष्ट्रीय संस्थेची वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच ही यादी धोक्यात असलेल्या जागांसाठी असते. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस 2012 च्या यादीत होतं आणि जतनानंतर 2017 मध्ये त्याला युनेस्कोचं अवॉर्ड ऑफ मेरिट मिळालं. तुमचं काम दिवाळीनंतर सुरूच होतंय, त्यामुळे तो रस्ता तुमच्यासाठी लांबचा.

सर्वेक्षणासाठी कुणी मिळत नसेल तर जवळच्या वास्तुकला महाविद्यालयाला विचारा. मोजमापाचा अभ्यास त्यांच्या विद्यार्थ्यांना करायचाच असतो. फक्त मूळ फाइली संस्थेकडे राहतील आणि छायाचित्रं प्रसिद्धीसाठी वापरता येतील, हे पत्रात लिहून घ्या.