डिहेझ ७० वर नेल्यावर आभाळ जांभळं का पडतं

तुमची अडचण अशी: चोर्ला घाटातून सत्तरीच्या दरीचा फोटो काढला, लांबचे डोंगर धुरकट आले. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिहेझ (धुरकटपणा काढणारा स्लायडर) ७० पर्यंत ओढल्यावर डोंगर दिसू लागले, पण आभाळ जांभळट झालं, पुढची झाडं काळीकुट्ट पडली आणि डोंगरांच्या माथ्यांवर उजळ किनार उमटली. आकडा किती ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय. अख्ख्या फोटोला एकच आकडा लावायला गेलात की थोड्याफार फरकाने हेच होणार, मग तो ७० असो की ४०.

धुरकटपणा फोटोभर सारखा पसरलेला नसतो, तो अंतरागणिक वाढतो. हवेतले कण एकाच वेळी दोन उद्योग करतात. डोंगरावरून निघालेला प्रकाश वाटेत थोडा थोडा अडवतात, आणि सूर्याचा प्रकाश विखरून त्याचा पांढुरका उजेड मधे मिसळतात. समजा, दोन किलोमीटरवरच्या डोंगराचा निम्मा कॉन्ट्रास्ट (गडद-उजळातला फरक) उरतो. मग चार किलोमीटरवर पाव उरेल आणि सहावर जेमतेम आठवा हिस्सा. म्हणजे समोरच्या काजूच्या झाडाला जवळजवळ काहीच करायला नको, मधल्या रांगेला दुप्पट ताण हवा आणि मागच्या रांगेला आठपट. तुम्ही मागच्या रांगेचं माप पुढच्या झाडालाही लावलंत, म्हणून ते काळं पडलं.

तुम्ही टाकलेला मूळ फोटो मी फोटोशॉपमध्ये उघडून पाहिला. पुढच्या झाडाच्या बुंध्याजवळची सावली तिन्ही रंगांत वीसच्या खाली आहे (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण उजळ), म्हणजे खरी काळी. मागच्या रांगेतल्या दरीची सावली मात्र लाल १४० च्या आसपास, हिरवा १५५ आणि निळा १७५. त्या दरीतही झाडीच आहे, तीही काळीच असायला हवी. हा जो वरचा भार आहे तो सगळा हवेचा, आणि निळ्यात तो सर्वांत जास्त आहे. स्लायडरला हात लावण्याआधी असा कर्सर फिरवून तीन-चार ठिकाणचे आकडे बघायची सवय लावा. धुरकटपणा कुठे किती आणि कुठल्या रंगाचा आहे ते लगेच कळतं.

कुठल्या रंगाचा, हे फार महत्त्वाचं, कारण आपल्याकडे तो एकाच जातीचा नसतो. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात हवा धुतल्यासारखी असते. तेव्हा लांबचे डोंगर निळसर दिसतात ते हवेच्या रेणूंमुळे आणि अगदी बारीक कणांमुळे. रेणूंवरून निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या साधारण चौपट विखुरतो. दोना पावलावरून मुरगांवकडे बघताना दिसतो तो धुरकटपणा वेगळा, पांढरा. समुद्रावरचे मिठाचे कण दमट हवेत पाणी शोषून फुगतात आणि असे मोठे कण सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. तिसरा प्रकार मार्च-एप्रिलचा, पिवळट तपकिरी: धूर, धूळ, खाणपट्ट्यातल्या रस्त्यांवरची तांबडी माती.

निळ्या प्रकारात डिहेझ उत्तम चालतं, फक्त रंग आवरावा लागतो. पांढऱ्यात ते थोडंच मदत करतं, आणि जास्त ओढलं की समुद्र शाईसारखा होतो. क्षितिजाची रेघच हवेत विरून गेली असेल तर ती सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, तिथे नाद सोडावा. तपकिरीत डिहेझने सगळं गंजल्यासारखं नारिंगी होतं, तेव्हा केशरी आणि पिवळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) आधी उतरवून मग हळूहळू पुढे जावं.

तुमचा फोटो पहिल्या प्रकारातला आहे, म्हणून तो मी कसा केला असता ते सांगतो. आधी लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सचे दोष काढणारी तयार दुरुस्ती) लावा, म्हणजे कोपऱ्यांचा अंधार निघेल. नाहीतर डिहेझ तो दुप्पट करून दाखवतं. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके आत्ताच पुसा, तेही नंतर ठळक होतात. नॉईज (फोटोतले रवाळ ठिपके) कमी करायचा असेल तर तोही आधीच. व्हाइट बॅलन्स जवळच्या झाडावर किंवा खडकावर जमवा. लांबच्या डोंगरावर जमवायला गेलात तर पुढचं सगळं पिवळं पडेल.

मग अख्ख्या फोटोचं डिहेझ शून्यच ठेवून मास्क करा, म्हणजे बदल फोटोच्या निवडक भागापुरताच होईल. मधल्या रांगेच्या पायथ्यापासून वर जाणारा एक लिनिअर ग्रेडियंट (हळूहळू चढत जाणारा मास्क) ओढा आणि त्यातून सिलेक्ट स्कायने आभाळ वजा करा. पुढच्या झाडाची फांदी वर घुसली असेल तर तीही ब्रशने वजा करा. याला डिहेझ १५ ते २०. दुसरा मास्क फक्त मागच्या रांगेचा, त्याला आणखी २०. दोन्ही मास्क जिथे एकमेकांवर येतात तिथे परिणाम आपोआप वाढतो, म्हणजे अंतरागणिक वाढणारा धुरकटपणा अंतरागणिकच उतरतो. मागच्या मास्कमध्ये सॅच्युरेशन १० ते १५ ने कमी, टेम्परेचर किंचित पिवळ्याकडे आणि शॅडोज थोडे वर. डोंगरांवरचा जांभळेपणा इथेच मरतो. आभाळाला डिहेझ देऊ नका, म्हणजे तेही जांभळट होणार नाही. ढगांना उठाव हवा असेल तर हायलाइट्स खाली आणा, तेवढं पुरतं.

माथ्यावरची उजळ किनार का येते? धुरकटपणा किती आहे याचा अंदाज असलं सॉफ्टवेअर एकेका पिक्सेलवरून नव्हे, आजूबाजूच्या तुकड्यावरून बांधतं. डोंगर संपून आभाळ सुरू होतं तिथे तुकड्यात दोन्ही येतात आणि अंदाज चुकतो. आभाळ वजा केलेल्या मास्कने किनार बरीचशी जाते. उरलीच तर त्या कडेवर बारीक ब्रशने डिहेझ उणे ५ ते १० द्या.

डार्कटेबल आणि रॉथेरपी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही धुरकटपणा काढायची सोय आहे. डार्कटेबलमध्ये तिला हेझ रिमूव्हल म्हणतात, स्ट्रेंथ आणि डिस्टन्स असे दोनच स्लायडर. त्यामागची कल्पना कायमिंग हे, जियान सुन आणि शियाओऊ तांग यांनी २००९ साली मांडली. उघड्यावरच्या स्वच्छ फोटोत आभाळ सोडून कुठलाही छोटा तुकडा घ्या, त्यात लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एखादा रंग कुठेतरी जवळजवळ शून्य असतोच. सावली असते, गडद पान असतं, तांबडं कौल असतं. एखाद्या तुकड्यात तसं काहीच सापडलं नाही तर शून्याच्या वरची वाढ हवेची समजायची आणि वजा करायची. मला ही युक्ती अतिशय आवडते, इतकी साधी असून ती बहुतेक फोटोंवर लागू पडते.

ती फसते कुठे तेही यातूनच कळतं. दिवाडीच्या टेकडीवरचं चुन्यासारखं पांढरं चर्च घ्या, किंवा दूधसागराचा फेस. तिथे एकही रंग शून्याजवळ नाही, म्हणून सॉफ्टवेअर भिंतीलाच धुरकटपणा समजतं आणि ती मळकी करून टाकतं. लाइटरूमच्या डिहेझनेही पांढऱ्या भिंती अशाच करड्या होतात. अशा वेळी चर्च मास्कमधून बाहेर ठेवा. त्या तिघांनी काढलेल्या पद्धतीत थोडा धुरकटपणा मुद्दाम शिल्लक ठेवला आहे, पूर्ण काढला तर चित्राची खोली हरवते म्हणून. तुमच्या फोटोतही मागची रांग पुढच्यापेक्षा फिकटच दिसली पाहिजे. चोर्ल्याच्या दरीचं मोठेपण त्या फिकटपणातच आहे, ते पुसून टाकू नका.

जिंप हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक छोटी वाट: अनशार्प मास्क, रेडियस ६० च्या आसपास, अमाउंट ०.२, थ्रेशोल्ड शून्य. एवढ्या मोठ्या रेडियसला ते धार लावत नाही, स्थानिक कॉन्ट्रास्ट वाढवतं. फोटोशॉपमध्ये निळ्या धुरकटपणासाठी चॅनल मिक्सरचा लेयर टाका, मोनोक्रोम करून लाल १०० टक्के ठेवा, ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी आणि ओपॅसिटी ३० ते ४०. लाल चॅनलमध्ये हवा सर्वांत कमी असते, तिची स्वच्छता उधार मिळते आणि रंग आहेत तसेच राहतात. पांढऱ्या, दमट प्रकाराला याचा उपयोग नाही.

निम्मं काम मात्र घाटातच होतं. वरून गोव्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे बघताना संध्याकाळी सूर्य समोर असतो आणि समोरच्या उजेडात धुरकटपणा सर्वांत जास्त चकाकतो. तिथून सकाळी काढा. उलट पणजी-म्हापशाच्या बाजूने सह्याद्री काढायचा असेल तर दुपारनंतर जा. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कापणारा फिल्टर) सूर्य डाव्या-उजव्या बाजूला असताना सर्वांत चांगला चालतो. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणं), पण निळ्या धुरकटपणात त्याने जे साधतं ते नंतर कुठल्याही स्लायडरने साधत नाही. फार वाइड लेन्सवर आभाळ एका बाजूला गडद, एका बाजूला फिकट येतं, तेवढं सांभाळा. मे महिन्यात वळवाची सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशीची सकाळ सोडू नका.

एक गोष्ट मनापासून सांगतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे लागले होते, तसल्या दिवसांतले फोटो किंवा खाणवाहतुकीच्या धुळीचे फोटो कुणाला पुरावा म्हणून दाखवायचे असतील तर त्यांना डिहेझ लावू नका. तिथला धूर हाच फोटोचा विषय असतो.

शेवटी फाईलबद्दल. १४ बिटांच्या रॉमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाईल) प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. तुमच्या मागच्या रांगेचे सगळे तपशील जेपेगमध्ये जेमतेम वीस-पंचवीस पायऱ्यांत दाटले आहेत. ते आठपट ताणले की नॉईजही आठपट होतो आणि आभाळाजवळ पट्टे दिसू लागतात. फोनवर काढत असाल तर लाइटरूमच्या मोबाइल आवृत्तीतल्या कॅमेऱ्याने डीएनजीमध्ये (हीही एक रॉ फाईल) काढा. बऱ्याच फोनमध्ये नेहमीचा कॅमेरा स्वतःच कॉन्ट्रास्ट चढवून देतो आणि त्यावर पुन्हा डिहेझ टाकलं की झाडं कागदी होतात. तुमच्याकडे या फोटोची रॉ असेल तर वरचे आकडे तसेच वापरा. फक्त जेपेगच असेल तर सगळे निम्मे धरा.