ठाण्यात राहतो, घरात वॅगन आर आहे, कुटुंब वाढतंय. दुसरी गाडी ७ सीटरच घ्यावी का?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्याच घरातली चर्चा परत ऐकल्यासारखं वाटलं. तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला राहता, २०१९ ची वॅगन आर आहे, मुलगी ४ वर्षांची, दुसरं बाळ डिसेंबरमध्ये, आई-बाबा गावाहून कायमचे राहायला येतायत, बजेट १५ लाखांपर्यंत, आणि गाडी उपयोगाची हवी पण चालवताना मजा पण आली पाहिजे. आमचं जवळपास सेम होतं. आम्ही मानपाड्याला, वॅगन आर घरात होतीच, मुलगा ५ वर्षांचा, मुलगी तेव्हा ३ महिन्यांची, आई आमच्यासोबत, आणि सुट्टीत भावाचा मुलगा हमखास राहायला.

सगळ्यात आधी एक सांगतो. तुमच्याकडे आता दोन गाड्या असणार आहेत, हे लोक शोरूममध्ये शिरल्या शिरल्या विसरतात आणि एकाच गाडीत सगळं शोधायला लागतात. मायलेज पण हवं, सात सीट पण हव्यात, ट्रॅफिकमध्ये हलकी पण हवी आणि घाटात पळाली पण पाहिजे. आम्ही दोन महिने हेच करत होतो. मग बायकोनं एका रविवारी वहीत लिहून काढलं की गेल्या सहा महिन्यांत गाडी कुठे कुठे गेली आणि आत किती माणसं होती. ऑफिस, शाळा, भाजी, डॉक्टर, विवियाना मॉलमधली खरेदी, ह्यात तीनपेक्षा जास्त माणसं जवळजवळ कधीच नव्हती. सगळे मिळून गेलो ते गावाला, लग्नाला, देवाला. म्हणजे रोजचं काम वॅगन आर करतच होती आणि पुढेही करणार होती. दुसरी गाडी आम्हाला लागणार होती ती त्या वीस-पंचवीस मोठ्या फेऱ्यांसाठी, आणि त्या फेऱ्या मोकळ्या रस्त्याच्या. तिथेच तर चालवायची मजा असते! हे कळलं आणि मग निवड एकदम सोपी झाली. तुम्ही पण आधी ही वही करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आता तुमचं गणित. तुम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा, झाले सहा. पाच सीटच्या गाडीत सहा जण बसवू नका, बाळ मांडीवर घेऊन तर अजिबात नको, पुढच्या सीटवर तर नकोच नको, एअरबॅग फुटली तर ती बाळावरच फुटते. २०१९ पासून कायद्यातही १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर १००० रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा, एकदा का तुम्ही बाळाला सीटमध्ये नीट बांधायला लागलात की गाडी निवडायचा सगळा हिशोबच बदलतो. मागच्या बाकावर बाळाची एक सीट आणि मुलीची एक बूस्टर (मुलाला उंच बसवणारी सीट) लागली की मधे जी जागा उरते ना तिथे मोठं माणूस ठाणे ते मुलुंडसुद्धा सुखानं बसत नाही. सगळ्या चार मीटरच्या आतल्या गाड्यांमध्ये आम्ही हे करून बघितलं, स्वतःची चाइल्ड सीट उचलून शोरूममध्ये नेली, सेल्समन आधी बघत राहिला, मग स्वतःच मदतीला आला. तुम्ही पण न्याच. ब्रोशरमधला लेगरूम काही कामाचा नाही, कारण छोट्या बाळाची सीट मागे तोंड करून लावायची असते आणि ती पुढच्या सीटला टेकते, मग पुढचं माणूस गुडघे डॅशबोर्डला लावून बसतं.

आणि एक गोष्ट जी आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. सात सीटच्या बहुतेक गाड्यांमध्ये तिसऱ्या रांगेत जायची वाट म्हणजे मधल्या रांगेतली डावी सीट पुढे उलटायची. त्याच सीटवर तुम्ही चाइल्ड सीट घट्ट बांधली असेल तर ती सीट उलटत नाही, म्हणजे तिसरी रांग बंद. मग चाइल्ड सीट उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे लावावी लागते, म्हणजे बाळाला रस्त्याच्या बाजूनं आत ठेवायचं. आम्ही मुलीला उजवीकडेच लावतो आणि तिला बसवायचं काम पार्किंगमध्येच उरकतो, रस्त्यावर थांबून नाही. ज्या गाडीत मधली सीट एका हातानं, बटण दाबून उलटते ती घ्या, कारण दुसऱ्या हातात बाळ असतं.

आईला घेऊन गेलो तेव्हा वेगळंच कळलं. तिचे गुडघे दुखतात. तिला एका गाडीत तिसऱ्या रांगेत बसवलं, ती बसली, गुडघे पार छातीशी आले, एक मिनिट गप्प राहिली आणि म्हणाली, "मला मागे नको बसवू रे, मी आपली एसटीनं येईन." त्या दिवसापासून ठरलं की तिसरी रांग फक्त पोरांची, आणि मधल्या रांगेत आई. तुमच्या आई-बाबांना पण नक्की न्या आणि नुसतं बसवू नका, तीन वेळा चढउतार करायला लावा. उंच एसयूव्हीत पाय उचलून चढावं लागतं, हॅचबॅकमध्ये खाली बसून परत उठावं लागतं, आणि साडीत तर दोन्ही अवघड. मधल्या उंचीची सीट असली की माणूस नुसतं वळून बसतं. आमच्याकडे आईसाठी हाच मुद्दा सगळ्यात वर ठेवला, मायलेजच्याही वर.

पार्किंगचं आत्ताच बघून घ्या, बुकिंगनंतर नाही. वॅगन आर ३६५५ मिमी लांब आणि १६२० रुंद आहे, मारुतीची अर्टिगा साधारण ४४०० लांब, कियाची कॅरेन्स ४५४० लांब आणि १८०० रुंद, आणि ह्यात आरसे धरलेले नसतात. म्हणजे कॅरेन्स तुमच्या गाडीपेक्षा जवळजवळ तीन फूट लांब! आम्ही मुलाच्या शाळेचा खडू घेतला, टेप घेतली आणि रात्री दहा वाजता खाली स्टिल्टमध्ये (बिल्डिंगखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये) जमिनीवर गाडीचा चौकोन काढला. वॉचमनकाकांनी टेपचं दुसरं टोक धरलं. लांबीत बसत होती, पण डाव्या बाजूचा खांब नेमका मागच्या दारासमोर येत होता, दार अर्धंच उघडलं असतं आणि रोज बाळाला तिरकं होऊन आत ठेवावं लागलं असतं. मग गाडी उलटी लावायची ठरली, खांब पुढच्या दाराकडे गेला. तुमच्याकडे स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवणारं) असेल तर पाटीवर लिहिलेली उंची आणि वजन दोन्ही वाचा, बऱ्याच जुन्या स्टॅकमध्ये उंच आणि जड गाड्या चालत नाहीत. आणि दुसऱ्या गाडीला जागा मिळणार का हे सेक्रेटरींकडून लेखी घ्या.

आता गाड्या. रेनोची ट्रायबर चार मीटरच्या आत आहे, त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ नंतर तिच्यावर १८ टक्के जीएसटी, तर अर्टिगा-कॅरेन्स लांबीमुळे ४० टक्क्यांत. ट्रायबरची मागची सीट पूर्ण काढून घरी ठेवता येते आणि मग डिकी ६२५ लिटरची होते, हे डोकं भारी लावलंय. पण १ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन आहे, टर्बो नाही, सहा माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना सारखं खालच्या गिअरला यावं लागतं, तुम्हाला मजा हवीय म्हणून मी तिला बाजूला ठेवेन. अर्टिगा म्हणजे बिनघोर गाडी, मधली रांग ऐसपैस, कुठेही दुरुस्त होते, सहा गिअरचा ऑटोमॅटिक पण मिळतो, चालवायला सरळसाधी. सीएनजीवाली घेऊ नका असं मी म्हणेन, डिकीत सिलिंडर आणि त्यात तिसरी रांगही उघडी, मग बॅगा कुठे ठेवणार? आणि सहा जण एकत्र वर्षातून दोनदाच जाणार असतील, तेव्हा दोन गाड्या काढायची तयारी असेल, तर मग सात सीटचा नाद सोडा आणि स्कोडा कायलॅक चालवून बघा. ४४६ लिटरची डिकी, ११५ पीएसचं टर्बो, भारत एनसॅपमध्ये (गाडी आपटून सुरक्षा तपासणारी टेस्ट) ५ स्टार, आणि चार मीटरच्या आत. मला स्वतःला चालवायला ती सगळ्यात आवडली होती, पण आईला मधे बसवून दोन्ही पोरांच्या सीट लावल्या आणि विषय संपला.

आम्ही घेतली कॅरेन्स, २०२२ ची, सेकंड हँड, १.४ टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. मॅन्युअल का, तर घोडबंदरचं ट्रॅफिक वॅगन आर खाते, ती आमची ऑटो गिअरची आहे, मेट्रोच्या कामात कासारवडवलीपासून कापूरबावडीपर्यंत क्लच दाबत बसायचं काम मोठ्या गाडीला नाहीच. तुमची वॅगन आर मॅन्युअल असेल आणि ऑफिसला रोज मोठी गाडी जाणार असेल तर मात्र उलटं करा, ऑटोमॅटिकच घ्या, आणि ड्राय क्लचवाल्या डीसीटीपेक्षा (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा ऑटोमॅटिक) बरा, रांगत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ड्राय क्लच तापतो.

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं ओतूर. रस्ता कल्याण, मुरबाड, टोकावडे आणि मग माळशेज घाट. वॅगन आरनं पण हा घाट शंभरदा चढलोय पण आई, पोरं, सामान असं सगळं भरलं की एसी बंद करून चढायचो. कॅरेन्समध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी हूं की चूं न करता वर जात होती, वळणावर झुकत नव्हती, मागे पोरं धबधबे मोजत होती आणि आई चक्क झोपली होती. मला विचाराल तर मजा म्हणजे ही. शंभरचा स्पीड किती सेकंदात ते ठाण्यात कुठे वापरणार आहात. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले सर्व्हिस रोडनं एक चक्कर मारून आणतात, तेवढ्यावर थांबू नका, गायमुखच्या घाटात न्या, घरचे सगळे बसवून न्या, आणि तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवर मधेच थांबवून परत उचलून बघा.

कमतरता पण सांगतो. तिसरी रांग उघडी असताना डिकी २१६ लिटरचीच राहते, ओतूरहून निघताना आई कांद्याचं पोतं देते ते बसत नाही, मग तिसऱ्या रांगेची एक बाजू पाडतो. आणि ग्लोबल एनसॅपच्या २०२२ च्या टेस्टमध्ये तिला ३ स्टार होते, सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलला असूनही. हे मला बोचलं, अजूनही बोचतं. तुम्ही नवीन घेणार असाल तर भारत एनसॅपमध्ये मुलांचे स्टार वेगळे देतात ते आवर्जून बघा, नुसते मोठ्यांचे नाही.

सेकंड हँड घेताना एक गाडी आम्ही जवळजवळ फायनल केली होती, टोकन द्यायचं बाकी होतं. बायकोनं मागचा सीटबेल्ट सगळा बाहेर ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीचा डाग. स्टेपनीच्या खाली पण गाळ. पाण्यात बुडालेली गाडी होती, विकणारा शेवटपर्यंत कबूल झाला नाही. तर बेल्ट पूर्ण ओढून बघा, सीटच्या रुळांवर गंज बघा, कार्पेट उचलून वास घ्या. गाडी महाराष्ट्रातलीच बघा, एमएच पासिंगची असली की रोड टॅक्स परत भरावा लागत नाही, दिल्लीची स्वस्त दिसते पण टॅक्स इथे भरावा लागतो. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, गाडीवर कर्ज असेल तर ते काढून टाकायचा फॉर्म ३५, आणि जुनी ई-चलनं क्लिअर, हे पैसे देण्याआधी.

विम्याचं थोडक्यात. वॅगन आर ठेवणार असाल तर तिचा नो क्लेम बोनस दुसऱ्या गाडीला मिळत नाही, तो जुनी विकून नवी घेतली तरच नेता येतो. पण मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा दोन्ही गाड्या एकाच नावावर असतील तर एकदाच लागतो, एजंट दुसऱ्यांदा लावतात, काढायला सांगा. मोठी गाडी कमी फिरणार असेल तर किलोमीटरप्रमाणे हप्त्यावाली पॉलिसी विचारा, २०२२ पासून तशा मिळतात. आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर उंदरांकडे लक्ष ठेवा, आमच्या स्टिल्टमध्ये पहिल्याच महिन्यात बॉनेटखालच्या वायरी कुरतडल्या होत्या, आता दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी एक चक्कर मारून आणतोच.

डिसेंबरला वेळ आहे असं वाटतं पण नसतो, गाडी ऑक्टोबरपर्यंत घरात आणा. आणि बाळाची सीट हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा उघडू नका. आम्ही आठवडाभर आधी घरी लावायला बसलो तर पट्ट्यांची उंची जुळवायलाच पाऊण तास गेला, मुलाचं मोठं टेडी बसवून बसवून बघितलं. तेव्हा कॅरेन्स नव्हती, वॅगन आरच होती, पण मुलीला घरी आणताना दोन मिनिटांत बांधली आणि मानपाड्यापर्यंत ती उठली पण नाही. तुमच्या पार्किंगची लांबी-रुंदी आणि खांब कुठे आहे ते कळवलंत तर कुठली गाडी बसेल ते मी नक्की सांगतो.