नवरा दारू सोडायला तयार नाही, मीटिंगलाही येणार नाही. मग मी एकटीने अल-अ‍ॅनॉनला जाऊन काय उपयोग?

उपयोग आहे, कारण हा आधारगट दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असतो. पण तुमच्या जाण्याने त्यांची दारू सुटेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मीसुद्धा नवऱ्याला सुधारायची युक्ती मिळेल म्हणूनच गेले होते. वही-पेन घेऊन! शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, गुडघे आत मावेनात. एक बाई सांगत होत्या, स्कूटर गल्लीत वळली की आवाजावरूनच कळतं आज किती झालीय. मला वाटायचं हे फक्त मलाच कळतं. वही कोरीच राहिली, नुसती रडले. कुणी समजूत घातली नाही. शेजारणीने पाण्याची बाटली पुढे सरकवली.

पद्धतच तशी आहे. आपापलं सांगायचं, दुसरीच्या संसारात नाक खुपसायचं नाही. आडनाव विचारत नाहीत, फी नाही, वर्गणी ऐच्छिक. 1951 साली अमेरिकेत हे उभं केलं तेही अशाच घरातल्या बायकांनी. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ए.ए. (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) या गटाचे संस्थापक बिल विल्सन, त्यांच्या पत्नी लोइस त्यांत पुढे होत्या. नवरे मीटिंगला बसलेले, तेव्हा बायका आपसात बोलायला लागल्या, तिथून सुरुवात.

तिथे एक गोष्ट सतत कानावर पडते: दारू मी लावली नाही, मी ती आवरू शकत नाही, बरीही करू शकत नाही. यातलं पहिलंच मला गिळायला वर्ष लागलं. सासूबाई रोज उलटं सांगायच्या ना!

मग एका सोमवारी मी नवऱ्याच्या ऑफिसला ‘साहेब, यांना ताप आहे’ असा फोन केला नाही. हात थरथरत होते. दिवसाचा पगार कापला गेला, घरात आदळआपट झाली. पण पुढचा फोन त्यांनी स्वतः केला.

दोन गोष्टी मात्र करू नका. दारू सोडवायच्या गोळ्या चोरून भाजीत घालू नका. अशा गोळ्यांतलं डिसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू गेली तर जिवावर बेतू शकतं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते, डॉक्टर हवाच. हात उगारत असतील तर मीटिंगची वाट बघू नका, 112 किंवा महिलांसाठीचा 181 लावा.

पुण्याकडे असाल तर मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, तिथेही चौकशी करा.

आमच्याकडे मध्ये अकरा महिने सुटली होती, पुन्हा लागली. मी गुरुवारी जातेच. कुकर लावून ठेवते, वाढून घेतात आपापलं.