काच पुसायचीच असते, साहेब!

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नोकरी सोडून दोन वर्षांत, एकट्याने, काचेवर तैलरंगांनी दहा मिनिटांची फिल्म करायची, रशियन ॲनिमेटर 'अलेक्सांद्र पेत्रोव्हसारखी'. अनुदानाचा अर्ज जवळजवळ मंजूर. आणि आता अनुदान देणाऱ्या कार्यालयाचं पत्र आलंय : मूळ चित्रांची एकूण संख्या कळवा, चित्रं पाहणीसाठी उपलब्ध ठेवा. हे शेवटचं वाचलं आणि माझ्याच फिल्मच्या अनुदानाची नऊ वर्षांपूर्वीची फाइल डोळ्यांसमोर उभी राहिली.

आधीच सांगतो, मी व्यावसायिक ॲनिमेटर नाही. शाळेत चित्रकला शिकवायचो, संध्याकाळी मागच्या खोलीत काच रंगवायचो. त्यामुळे माझं म्हणणं जरा तपासूनच घ्या. कॅमेरा, सॉफ्टवेअर वगैरे तुम्हाला येत असणारच, ते सोडून देतो.

पहिली हरकत 'पेत्रोव्हसारखी' या शब्दाला. आपण सगळे त्याची बोटं बघतो. ब्रश बाजूला ठेवून बोटाच्या टोकाने ओला रंग सरकवायचा, फोटो घ्यायचा, पुन्हा सरकवायचा. बघून वाटतं, काच आणि चार ट्यूबा आणल्या की झालं. मला तसंच वाटलं होतं! पण त्या माणसाची कारकीर्द नीट बघा. जन्म १९५७चा, यारोस्लाव्हल प्रांतातला. मॉस्कोला इवान इवानोव्ह-वानोंच्या हाताखाली शिकला, पुढे युरी नॉर्श्तेइनकडे; दोघंही रशियन ॲनिमेशनमधले दिग्गज. 'गाय' १९८९ची, रशियन लेखक प्लातोनोव्हच्या कथेवरची, ती स्वेर्दलोव्स्कच्या स्टुडिओत झाली. पहिल्याच फिल्मला ऑस्कर नामांकन. मग १९९२मध्ये दस्तयेवस्कीच्या कथेवरची फिल्म आणि त्यानंतर 'जलपरी' यायला चार-पाच वर्षं लागली. मधली वर्षं कुठली आहेत ते लक्षात घ्या. सोव्हिएत संघ नुकताच मोडला होता, सरकारी स्टुडिओंचा आधार आटला होता. बोटं तीच होती, पण बोटांनी पोट भरत नाही.

ऑस्कर मिळालं ते हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'वरच्या, म्हाताऱ्या कोळ्याच्या फिल्मला, २००० साली. ती रशियात नाही, कॅनडात माँट्रिऑलला झाली. पैसा आणि पाठबळ कॅनडा, जपान, रशिया असं तिन्हीकडचं. पडदा आयमॅक्सचा, म्हणजे अवाढव्य, म्हणून काचही नेहमीच्या चौपट मोठी. हिशेब करा : वीस मिनिटं, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २८,८००. चित्रांचा आकडा २९,०००च्या वर सांगतात तो असा जुळतो. मार्च १९९७ ते एप्रिल १९९९ काम चाललं. एकही सुट्टी न घेता रोज चाळीसच्या आसपास चित्रं, म्हणजे पडद्यावर दीड सेकंदाच्या जरा वर. आणि सोबतीला मुलगा द्मित्री होता, या कामासाठी खास जुळवलेलं कॅमेऱ्याचं स्टँड होतं. एकटा नव्हता हो तो!

त्यानंतरची मोठी फिल्म २००६ची, साधारण २६ मिनिटांची. म्हणजे १९८९ ते २००६ या काळात मोठ्या फिल्म पाच, आणि सगळ्या एकापाठोपाठ एक लावल्या तर दीड तासाच्या आत संपतात. हे हिणवायला नाही सांगत. नोकरीचा राजीनामा लिहिण्याआधी एवढं डोक्यात असू द्या. (त्याचे गुरू नॉर्श्तेइन १९८१पासून गोगोलच्या 'ओव्हरकोट'वर फिल्म करतायत, ती अजून पुरी नाही. काम फार हळू करतात म्हणून त्यांना स्टुडिओने काढलं होतं. तेव्हा कार्यालयांचं आणि या धंद्याचं वाकडं जुनंच आहे.)

आता माझी चूक.

माझी फिल्म सहा मिनिटांची ठरली होती, सेकंदाला बारा चित्रं. पहिला हप्ता मिळाला, अडीच मिनिटांवर झालं. एक शॉट चालू होता : नाव काठाला लागते, एक बाई हंडा कमरेवर घेऊन उतरते. अकरा सेकंद, म्हणजे १३२ चित्रं, त्यासाठी बारा संध्याकाळी गेल्या. बाईचा एक पाय पाण्यात टेकला होता, दुसरा नावेत. तेवढ्यात फोन आला, 'या आठवड्यात साहेब पाहणीला येतील, चित्र काचेवर राहू द्या.' मी राहू दिलं! तीच ती चूक. फोनवर तिथंच म्हणायला हवं होतं की राहू देता येत नाही. पण दुसरा हप्ता अडकला होता आणि मी सरळमार्गी मास्तर.

साहेब एकोणिसाव्या दिवशी आले. काचेकडे बघून म्हणाले, "बाकीची कुठं आहेत?"

"पुसली."

"का पुसली?"

"त्याच काचेवर पुढचं चित्र करायचं असतं, साहेब. पुसायचीच असतात."

शांतपणे त्यांनी वहीत लिहिलं : चित्रे – १ नग. वर विचारलं, ही डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवली आहेत का? मी लॅपटॉपवर अडीच मिनिटं दाखवली, ती त्यांनी मन लावून बघितली, छान आहे म्हणाले. पण रकाना 'चित्रांची संख्या' असा होता, आणि त्यात एकच नग. दुसरा हप्ता कधीच आला नाही. पहिल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रासाठी (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले याचा दाखला) मात्र दोन स्मरणपत्रं आली.

त्याहून वाईट काचेवर झालं होतं. साहेब गेल्यावर मी बाईचा पाय पुढे सरकवायला बोट टेकवलं. नाव बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात होती, ती दगडासारखी घट्ट. काळा अजून ओला. पाण्यावर साय धरली होती, ती बोटाबरोबर सालपटासारखी निघाली, खाली उघडी काच. टर्पेंटाइन लावलं, ब्लेडने खरवडलं. शेवटच्या फोटोवरून नाव पुन्हा रंगवून पाहिली. तीन फ्रेम घेतल्या, चालवून बघितल्या, पडद्यावर झटक्यात नदीच बदलली. शॉट गेला. त्यानंतर माझं मनही त्या काचेवर बसलं नाही. फिल्म आजही दोन मिनिटं चाळीस सेकंदांची आहे.

तर माझं मत, पटलं तर घ्या. (प्रत्येक योजनेचे नियम वेगळे, तुमचा करारनामा मी पाहिलेला नाही.) अनुदान घ्याच, पण करारावर सही करण्याआधी लेखी घाला की या तंत्रात मूळ चित्र शिल्लक राहत नाही, हाती देण्याची वस्तू म्हणजे डिजिटल फ्रेम. 'संख्या' विचारली तर फ्रेमची संख्या द्या आणि फोल्डरची छापील यादी जोडा. साहेबांना काहीतरी हातात धरून बघायचं असतं, त्यात त्यांचा दोष नाही, तेव्हा त्यांच्यासाठी दोन-तीन काचा वेगळ्या रंगवा, वाळू द्या, फ्रेम करून भिंतीला लावा. चालू शॉटची काच मात्र मंत्री आले तरी थांबवायची नाही. शॉट लहान ठेवा, चार-पाच सेकंदांचे, म्हणजे गेला तरी आठवडाच जातो.

रंगाचं विचारलं नाहीत तरी सांगतो. अंबर सगळ्यात आधी सुकतो, हलणाऱ्या गोष्टीत तो टाळा किंवा थेंबभर लवंगेचं तेल घाला, सुकणं लांबतं. जास्त घातलंत तर रंग ओघळतो आणि घरात दातांच्या दवाखान्याचा वास सुटतो. मागचं दृश्य खालच्या काचेवर, माणसं वरच्या काचेवर. शर्ट काळा घाला, पांढरा काचेत दिसतो. दिवे इन्व्हर्टरवर घ्या.

नोकरीचं म्हणाल तर मी सोडली नव्हती, म्हणूनच त्या पहिल्या हप्त्याचा हिशेब जुळवता आला. तुम्ही निदान पहिला एक मिनिट पुरा होईपर्यंत थांबा, आणि त्याला किती संध्याकाळी लागल्या ते इथं लिहा. करारात घालायच्या त्या कलमाचा मसुदा माझ्याकडे आहे, हवा असेल तर निरोप टाका. रविवारी देतो, शनिवारपर्यंत नातीच्या चित्रकला परीक्षेची तयारी चालू आहे.